२००९ ची वॅगन आर, ॲव्हरेज १७ वरून १२ वर आलंय, आधी नीट मोजायचं कसं ते सांगा

आकाशी_वॅगनआर:
नमस्कार मंडळी. बाबांची २००९ ची वॅगन आर आहे, पेट्रोल, ते जुनं १०६१ सीसीचं इंजिन, १ लाख १८ हजार किलोमीटर झालेत. गेल्या वर्षी १५ वर्षं भरली तेव्हा ग्रीन टॅक्स भरून, पासिंग करून पुढच्या ५ वर्षांचं रजिस्ट्रेशन करून घेतलंय, त्यामुळे गाडी विकायची नाहीये हे आधीच सांगते. बाबांना आता रात्रीचं चालवायला जमत नाही म्हणून गाडी माझ्याकडे आली, आणि आठवड्यातले चार दिवस मी धायरी ते हिंजवडी जाते, जाऊन येऊन ४५ किलोमीटर पडतात, वर शनिवार-रविवारचं थोडंफार धरून महिन्याला ९०० होतात.

बाबा म्हणतात गाडी आरामात १६-१७ द्यायची, त्यांची जुनी डायरी आहे त्यात प्रत्येक वेळचं पेट्रोल लिहिलेलं आहे. माझ्याकडे १२ च्या वर जातच नाही. मी मोजते असं की रिझर्व्हचा दिवा लागला की १००० रुपयांचं पेट्रोल टाकते आणि परत दिवा लागेपर्यंत किती चालली ते बघते. कधी १४ येतं, कधी १०.५ येतं, काही मेळच लागत नाही.

गॅरेजवाले म्हणतात जुनी गाडी आहे, इंजेक्टर क्लीनिंग करून घ्या, ४५०० लागतील. ऑफिसातले म्हणतात पेट्रोलमध्ये इथेनॉल घालतात त्याचा परिणाम आहे, काही करता येणार नाही. एका ॲक्सेसरीच्या दुकानात पेट्रोल पाइपला लावायचं मॅग्नेट दाखवलं १८०० चं, २० टक्के वाढेल म्हणाले. पैसे घालवायच्या आधी नक्की कुठून सुरुवात करू ते कुणी सांगेल का? गाडीत जीव अडकलाय आमचा, मी बारावीत असताना घेतलेली आहे.

नोंदवही:
ताई, तुमच्या बाबांची डायरी आहे ना, ती फेकू नका, सगळ्यात मोठा आधार तोच आहे. आता तुमच्या मोजण्याबद्दल. रिझर्व्हचा दिवा म्हणजे टाकीतल्या फ्लोटवर चालणारी गोष्ट, गाडी जरा चढावर उभी असली, वळणात असली, पेट्रोल हिंदकळलं तरी दिवा आधी नाहीतर नंतर लागतो. टाकी ३५ लिटरची, त्यात एक-दीड लिटर इकडे तिकडे झालं आणि तुम्ही टाकता साडेनऊ लिटर, म्हणजे पंधरा टक्क्यांची चूक तिथेच झाली की, १० ते १४ असं जे वरखाली दिसतंय ते त्यामुळेच.

टाकी फुल ते टाकी फुल हाच एक मार्ग. एकच पंप ठरवा, जमलं तर एकच नोझल, गाडी त्याच दिशेला तोंड करून उभी करा. पहिला टक आवाज होऊन नोझल बंद पडलं की तिथेच थांबायचं. पंपावरचा मुलगा हमखास विचारतो, राउंड फिगर करू का मॅडम, त्याला नाही म्हणायचं, कारण त्या वरच्या भरण्यात कधी २०० मिली जातं कधी लिटरभर, सगळा हिशोब बिघडतो, आणि पेट्रोल गळ्यापर्यंत भरलं की टाकीच्या वाफा धरून ठेवणारा जो चारकोलचा डबा असतो त्यात जातं, तोही खराब होतो. ट्रिप मीटर शून्य करा. मग नेहमीसारखी चालवा, मुद्दाम हळू नाही, मुद्दाम जोरात नाही. किमान २५०-३०० किलोमीटर झाले की त्याच पंपावर परत पहिल्या टकपर्यंत भरा, पावतीवर लिटर दशांशात असतात ते लिहा आणि किलोमीटर भागिले लिटर.

एकदा करून काही खरं नाही, कारण कट ऑफसुद्धा अर्धा लिटर पुढेमागे होतो. तीन वेळा करा. आणि इथे बरेच जण चुकतात, तीन वेळचं ॲव्हरेज काढून त्याचं परत ॲव्हरेज काढतात. तसं नाही करायचं. सगळे किलोमीटर एकत्र, सगळे लिटर एकत्र, मग भागायचं. समजा १०० किलोमीटर १० च्या हिशोबाने गेले आणि १०० किलोमीटर २० च्या, तर १५ येत नाही, १० अधिक ५ म्हणजे १५ लिटरमध्ये २०० किलोमीटर, १३.३ येतं.

अजून एक, टायर बदललेत का? कुठल्या साइझचे? हे नक्की सांगा.

ठाणेकर_रोजचा:
स्पष्ट बोलतो, राग मानू नका. १६ वर्षांची गाडी, पार्ट एकामागून एक जाणार. महिन्याला ९०० किलोमीटर चालत असेल तर सीएनजीवाली सेकंड हॅन्ड घ्या, पेट्रोलचा खर्च जवळपास निम्मा होईल. मी तेच केलं आणि सुखी आहे.

पंचगंगा_काठ:
ठाणेकर दादा, त्यांनी पहिल्याच वाक्यात सांगितलंय विकायची नाही म्हणून, पासिंगला पैसे भरलेत, जाऊ द्या की.

इथेनॉलचं मी सांगतो, आमच्याकडं ऊस, कारखाने, डिस्टिलरी सगळं रोजच्या डोळ्यांपुढचं, त्यामुळं हा विषय चावडीवर पण निघतो. इथेनॉलमुळं ॲव्हरेज पडतं हे खरं आहे, नाकारण्यात अर्थ नाही. लिटरभर पेट्रोलमध्ये साधारण ३२ मेगाजूल ऊर्जा असती आणि लिटरभर इथेनॉलमध्ये २१ च्या आसपास. मग २० टक्के इथेनॉल मिसळलं की लिटरमागं ऊर्जा किती कमी झाली ते करून बघा, साडेसहा-सात टक्के येतं. नीती आयोगाच्या २०२१ च्या रोडमॅपमध्ये पण जुन्या चारचाकीला ६ ते ७ टक्के घट धरलेली आहे, म्हणजे शुद्ध पेट्रोलसाठी बनवलेली आणि १० टक्क्यांना सेट केलेली गाडी २० टक्क्यांवर चालवली तर. आता ताईंचा हिशोब लावा. बाबांच्या डायरीतले १७ धरले तर सात टक्के वजा करून १५.८ यायला पायजे. १२ येतंय म्हणजे जवळपास तीस टक्के पडलंय. इथेनॉलच्या माथी सात टक्के मारा, उरलेले तेवीस टक्के गाडीतच कुठंतरी गळतायत, ते शोधायला पायजेत. सगळं इथेनॉलवर ढकललं की गॅरेजवाला पण सुटतो आणि आपण पण शोधायचं सोडतो, हे मला पटत नाही.

काळजी एकाच गोष्टीची घ्या, १६ वर्षांपूर्वीचे रबरी पाइप आणि सील आताच्या पेट्रोलला बनवलेले नव्हते. बोनेट उघडल्यावर, नाहीतर सकाळी गाडीजवळ गेल्यावर पेट्रोलचा वास आला तर थांबायचं नाही, त्या दिवशीच पाइप बघून घ्यायचे, हा ॲव्हरेजचा नाही, आगीचा विषय आहे.

संत्रानगरी:
मॅग्नेटवर पैसे नका घालवू जी ताई. पेट्रोलमधून मॅग्नेटने काहीच होत नसते. अमेरिकेत ईपीएने, म्हणजे तिथल्या सरकारी पर्यावरण संस्थेने, असली १०० च्या वर यंत्रं, गोळ्या, मॅग्नेट सगळं तपासून पाहिलं, मायलेजमध्ये लक्षात येण्यासारखा फरक पाडणारं एकही निघालं नाही. १८०० मध्ये हवा मोजायचा चांगला गेज येते आणि वर अलाइनमेंट होऊन जाते.

हवा सकाळी गाडी थंड असताना तपासा. आमच्याकडे मे महिन्यात दुपारी पंपावर हवा चेक केली तर टायर तापून आकडा चार-पाच पीएसआय वर दाखवते, पोरगा तेवढी हवा काढून टाकते आणि सकाळी टायर बसलेला असते. किती भरायची ते ड्रायव्हरच्या दाराजवळच्या स्टिकरवर आहे.

पाना_दहा_बारा:
नमस्कार ताई. मी कराडला गॅरेज चालवतो, २२ वर्षं झाली, वॅगन आर, ८००, ऑल्टो ह्या गाड्या हाताखालून गेल्यात. इंजेक्टर क्लीनिंग आत्ता करू नका. ते वाईट नाही पण ते पहिलं काम नाही, शेवटचं आहे. आधी फुकटातल्या तपासण्या करा, मी सांगतो त्या क्रमानं.

पहिली, ब्रेक पकडतोय का. मोकळ्या रस्त्यावर ८-१० किलोमीटर चालवा, शेवटचा अर्धा किलोमीटर शक्यतो ब्रेक न लावता गाडी आपोआप हळू होऊ द्या आणि थांबवा. लगेच उतरून चारी चाकांच्या मधोमध तळहात न्या, टेकवायचा नाही, भाजेल, नुसता जवळ न्यायचा. तीन चाकं कोमट आणि एखादं तापलेलं असेल तर ते चाक ब्रेक सोडत नाहीये. ह्या वयाच्या गाडीत पुढं कॅलिपरच्या, म्हणजे ब्रेक पॅड दाबणाऱ्या भागाच्या, पिना गंजून अडकतात आणि मागं हॅन्डब्रेकची केबल अर्धवट ओढलेलीच राहते. दिवसभर कुणीतरी मागून दोरी धरून ओढतंय अशी गाडी चालते, आणि चालवणाऱ्याला कळत नाही कारण सवय होते. खात्रीसाठी जॅक लावून चाक हातानं फिरवा, एक झटका दिला की दोन-तीन फेरे फिरायला पाहिजे.

दुसरी, आणि ही नीट वाचा. तापमानाचा काटा कुठं असतो? ऑफिसला पोचल्यावर काटा जवळपास अर्ध्याला येऊन स्थिर राहिला पाहिजे. तो खालीच लोळत असेल, हायवेला अजून खाली जात असेल, तर मला सांगा. सकाळी एकदम थंड गाडी चालू करा, बोनेट उघडा आणि रेडिएटरला वरून जाणारा जाड होज पाइप हातात धरा. गाडी ठीक असेल तर काही मिनिटं पाइप गारच राहतो आणि मग एकदम गरम होतो, कारण थर्मोस्टॅट, म्हणजे रेडिएटरकडं जाणारं पाणी अडवणारा व्हॉल्व्ह, उघडला. पहिल्या मिनिटापासून हळूहळू कोमट होत जात असेल तर थर्मोस्टॅट उघडा अडकलाय, नाहीतर कुणीतरी काढून टाकलाय. पंख्यापासून हात, ओढणी लांब ठेवा. आणि रेडिएटरचं झाकण गरम गाडीत कधी उघडायचं नाही.

तिसरी एअर फिल्टर, चौथी प्लग. प्लग काढल्यावर टोक काळं, काजळी धरलेलं असेल तर फोटो टाका. ऑइल कुठल्या ग्रेडचं टाकलंय ते बिलावर बघा, मॅन्युअलमध्ये सांगितल्यापेक्षा जाड टाकलं असेल तर तेही थोडं खातं.

आकाशी_वॅगनआर:
इतकं सविस्तर लिहिलंत सगळ्यांनी, खरंच मनापासून आभार. साडेतीन आठवडे लागले पण नोंदवही दादांनी सांगितलं तसंच केलं, सिंहगड रोडवरचा एकच पंप, पहिल्या टकला बंद.

पहिली टाकी ३१२.४ किलोमीटर, २४.६१ लिटर.
दुसरी २८७.० किलोमीटर, २१.९० लिटर.
तिसरी ३४१.८ किलोमीटर, २७.४२ लिटर.

सगळं मिळून ९४१.२ भागिले ७३.९३, म्हणजे १२.७३. गंमत बघा, आधी १० ते १४ असं उड्या मारणारं ॲव्हरेज आता १२.५ ते १३.१ च्या मध्येच राहतंय, म्हणजे निदान आकड्यावर विश्वास तरी बसला.

टायर दोन वर्षांपूर्वी बदलले होते. आधीचे १४५/७० आर १३ होते, दुकानात ते नव्हते म्हणून १५५/७० आर १३ बसवले, बाबा म्हणाले तेव्हा गाडी जरा उंच वाटली होती.

आणि पाना दादा, काट्याचं तुम्ही विचारलंत तेव्हा माझ्या लक्षात आलं की मी तो काटा कधी अर्ध्याला बघितलेलाच नाही. सीच्या, म्हणजे थंडच्या खुणेच्या, थोडा वर असतो बस. मला वाटायचं गाडी थंड राहते म्हणजे चांगलंच आहे. सकाळी होज धरून बघितला, दोन मिनिटांत कोमट व्हायला लागला, गार असा राहिलाच नाही. बाबांना विचारलं तर ते म्हणाले, २०१६ ला साताऱ्याला जाताना खंबाटकी घाटात गाडी तापली होती, तिथे जवळच्याच एका मेकॅनिकने कसला तरी व्हॉल्व्ह काढून टाकला आणि म्हणाला आपल्याकडे काय बर्फ पडतो का, ह्याची गरज नाही. डायरीत बघितलं तर २०१६ पर्यंत १६-१७ आहे आणि नंतर १५, १४.५ असं लिहिलंय. बाबा डायरी हातात घेऊन कितीतरी वेळ ती पानं पुढेमागे करत बसले होते.

चाकांचं पण केलं. मागचं डावं चाक बाकीच्यांपेक्षा खूप गरम लागलं, हात जवळ नेल्यावर धग जाणवत होती. हवा दोन टायरमध्ये २२-२३ निघाली.

नोंदवही:
ताई, टायरचा हिशोब. १४५/७० आर १३ चा व्यास ५३३ मिलिमीटर येतो, १५५/७० आर १३ चा ५४७. म्हणजे चाक २.६ टक्के मोठं झालं, एका फेऱ्यात गाडी जास्त पुढे जाते पण मीटरला ते माहीत नाही, तो जुन्या चाकाच्या हिशोबानेच मोजतो. तुमचे ९४१ किलोमीटर खरे ९६५ च्या आसपास असतील. खात्री करायची तर हायवेला सरळ ५० किलोमीटर फोनच्या जीपीएसवर मोजा आणि ट्रिप मीटरशी ताडून बघा. म्हणजे तुमचं खरं ॲव्हरेज १३ आहे. तीन-चार टक्के असेच कागदावर हरवतात लोकांचे आणि गाडीला दोष लागतो.

आता एकच विनंती, सगळं एकदम दुरुस्त करू नका. आधी ब्रेक आणि हवा, मग एक टाकी. मग थर्मोस्टॅट, मग दोन टाक्या. नाहीतर कशाने किती वाढलं कधीच कळणार नाही.

पाना_दहा_बारा:
मला तीच शंका होती. हे काम आमच्याच धंद्यातल्या लोकांनी इतक्या गाड्यांत केलंय की वाईट वाटतं. गाडी तापली की थर्मोस्टॅट काढायचा, गिऱ्हाईक खूश, पण तापायचं मूळ कारण रेडिएटर चोंदलेला, पंखा, नाहीतर कूलंटच्या जागी नळाचं पाणी, ते तसंच राहतं.

थर्मोस्टॅट काय करतो ते सांगतो. त्याच्यात मेणाची गोळी असते, इंजिनातलं पाणी साधारण ८२-८८ डिग्रीला आलं की मेण वितळून फुगतं आणि व्हॉल्व्ह उघडतो. तोवर पाणी रेडिएटरकडं जातच नाही, इंजिन लवकर गरम होतं. तो काढला की चालू केल्यापासूनच पाणी रेडिएटरमधून फिरतं, सेन्सर कॉम्प्युटरला सांगत राहतो इंजिन थंड आहे, आणि कॉम्प्युटर थंड इंजिनाला जास्त पेट्रोल देतो, जुन्या गाडीत चोक ओढायचो ना, तसा अर्धवट चोक कायम ओढलेला आहे असं समजा. जास्तीचं पेट्रोल सिलेंडरच्या भिंतीवरून ऑइल धुऊन काढतं, ऑइल पण जाडच राहतं, झीज होते. डिसेंबरात सकाळी पुण्यात १० डिग्री असतं तेव्हा तर विचारू नका.

नवीन बसवताना रेडिएटर फ्लश करून कूलंट भरा, आणि पंखा आपोआप चालू होतोय का ते मेकॅनिकला समोर उभं राहून दाखवायला सांगा. ही तपासणी झाल्याशिवाय गाडी घाटात नेऊ नका, कारण २०१६ ला गाडी का तापली होती ते अजून कुणी शोधलेलंच नाही.

घाटवाट:
चर्चा छान चाललीये म्हणून विचारतो. मी महिन्यातून दोनदा कराड-चिपळूण करतो, कुंभार्ली घाट उतरताना गाडी न्यूट्रल टाकतो, कधीकधी बंदच करतो, चांगलं पेट्रोल वाचतं. माझी २०१२ ची ऑल्टो आहे. ताईंनी पण कात्रज उतरताना करून बघावं.

पाना_दहा_बारा:
नाही भाऊ, हे हात जोडून सांगतो, नका करू. गाडी बंद केली की ब्रेकला मदत करणारा व्हॅक्यूम दोन-तीनदा ब्रेक दाबला की संपतो, मग पेडल दगडासारखं होतं. चावी चुकून मागं गेली तर स्टिअरिंग लॉक. न्यूट्रलमध्ये सगळा भार ब्रेकवर, कुंभार्लीसारख्या लांब उतारावर ब्रेक तापून काम करेनासे होतात. मी त्या घाटातून वर ओढून आणलेल्या गाड्या बघितल्यात.

नोंदवही:
आणि पेट्रोल वाचतं हा समजच इंजेक्शनच्या गाडीला लागू नाही. कार्बोरेटरच्या काळात थोडंफार खरं होतं. माझ्या २०१४ च्या गाडीला ओबीडीचं, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरमधले आकडे दाखवणारं, छोटं यंत्र लावून मी स्वतः बघितलंय, गिअरमध्ये असताना रेसवरून पाय काढला आणि इंजिन १५०० आरपीएमच्या वर फिरत असेल तर पेट्रोल पूर्ण बंद होतं, आकडा शून्य. चाकंच इंजिनाला फिरवत असतात. न्यूट्रल टाकलं की इंजिनाला स्वतःच्या जिवावर फिरत राहायचं असतं, लगेच तासाला ०.६-०.७ लिटर दाखवायला लागतं. म्हणजे घाट उतरताना तिसरा किंवा दुसरा गिअर, रेसवरून पाय वर, ब्रेक अधूनमधून. सुरक्षितही तेच आणि स्वस्तही तेच.

हाच ०.६-०.७ चा आकडा ताईंना हिंजवडीच्या ट्रॅफिकसाठी पण उपयोगी आहे. रोज अर्धा तास नुसतं उभं राहून जात असेल तर तीनशे-साडेतीनशे मिली पेट्रोल शून्य किलोमीटरसाठी जातं, एसी लावला तर अजून जास्त. मोठा सिग्नल असेल, आकडा ६० च्या वर दिसत असेल तर बंद करा, १५ सेकंदांसाठी नका करू, स्टार्टर-बॅटरीला त्रास. आणि २० मिनिटं उशिरा निघून गर्दी टळत असेल तर त्यासारखं काही नाही.

घाटवाट:
हे माहीतच नव्हतं. वडील ८०० चालवायचे तेव्हापासूनची सवय आहे. सोडतो.

ठाणेकर_रोजचा:
एक प्रश्न, कंपनी जो एआरएआयचा, म्हणजे गाड्या तपासणाऱ्या संस्थेचा, ॲव्हरेजचा आकडा सांगते तो कधीच कुणाला का येत नाही? की नुसतीच जाहिरात?

नोंदवही:
जाहिरात नाही, आकडा खरा असतो पण प्रयोगशाळेतला. गाडी रोलरवर उभी करून ठरलेल्या चक्राप्रमाणे चालवतात, एसी बंद, जास्तीत जास्त वेग ९०, ना खड्डे ना चढ ना चार माणसं. एआरएआय ताईंच्या गावातच आहे, कोथरूडला टेकडीवर. दोन गाड्यांची आपसात तुलना करायला तो आकडा चांगला. आपल्या गाडीची तुलना मात्र आपल्याच गाडीच्या जुन्या आकड्याशी करायची, म्हणून त्या डायरीला मी एवढं महत्त्व दिलं.

आकाशी_वॅगनआर:
दीड-दोन महिन्यांनी परत आले, उशिराबद्दल माफ करा. सगळं सांगते.

आधी मागचा ब्रेक. ड्रम उघडला तर हॅन्डब्रेकची केबल कव्हरच्या आत गंजून जाम झाली होती, हॅन्डब्रेक खाली केला तरी ड्रमला आतून घासणारे ब्रेकचे शू पूर्ण मागे जात नव्हते, आणि डाव्या बाजूचे शू एका कडेने काचेसारखे गुळगुळीत झाले होते. केबल आणि शू बदलले. हवा स्टिकरप्रमाणे भरली, स्वतःचा गेज घेतला, आता दर रविवारी सकाळी बाबाच चेक करतात. मग एक टाकी, ३०५.६ किलोमीटर, २१.६७ लिटर, १४.१०. एकट्या ब्रेक आणि हवेने जवळपास दीड वाढलं.

मग थर्मोस्टॅट. घरचे मेकॅनिक पहिल्यांदा नकोच म्हणत होते, मी पाना दादांची पोस्ट वाचून दाखवली तेव्हा तयार झाले. झाकण उघडलं तर आत खरंच काही नव्हतं, रिकामी खोबण. रेडिएटर फ्लश केला तर आधी गंजाचं तांबडं पाणी आलं, बादलीभर. पंख्याचा स्विच पण मेलेला निघाला, पंखा आपोआप चालूच होत नव्हता. म्हणजे २०१६ ला घाटात गाडी तापली ती त्यामुळेच असणार, आणि इतकी वर्षं आम्ही पंख्याशिवाय फिरत होतो. थर्मोस्टॅट आणि गॅस्केट मिळून ६४० रुपये, स्विच, कूलंट, मजुरी वेगळी, एकूण २९०० झाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी वारज्यापर्यंत पोचेपर्यंत काटा वर सरकला आणि अर्ध्याच्या जरा खाली थांबला. मी सिग्नलला फोटो काढून बाबांना पाठवला.

पुढच्या दोन टाक्या, ३३६.५ ला २२.०८ आणि २९८.७ ला १९.२७. मिळून ६३५.२ भागिले ४१.३५, म्हणजे १५.३६. हायवेला जीपीएसवर ५० किलोमीटर झाले तेव्हा मीटर ४८.८ दाखवत होता, ते धरून १५.७. पंचगंगा दादांनी वजाबाकी करून १५.८ सांगितलं होतं, अगदी तिथेच आलं! महिन्याला बारा लिटर वाचतायत, १०४ च्या भावाने साडेबाराशेच्या वर.

इंजेक्टर क्लीनिंग केलं नाही, मॅग्नेट घेतलं नाही. प्लग काढले तेव्हा टोकाला काजळी होती, ते नवीन टाकले, पण ते थर्मोस्टॅटबरोबरच केलं त्यामुळे नोंदवही दादा, त्याचा वेगळा आकडा नाहीये, सॉरी. एसीचं अजून मोजलेलं नाही, एप्रिलमध्ये लावायला लागेल तेव्हा टाकी फुल करून लिहिते.

पंचगंगा_काठ:
लई भारी काम केलंत ताई. बाबांना आमचा नमस्कार सांगा.

पाना_दहा_बारा:
पंख्याचा स्विच सापडला हे सगळ्यात मोठं काम झालं, ॲव्हरेजपेक्षा मोठं, हेड गॅस्केट, म्हणजे इंजिनाच्या वरच्या भागाचं सील, वाचलं तुमचं. आता एक करा, महिन्याभरानं सकाळी थंड गाडीत कूलंटची पातळी बघा, कमी झाली असेल तर कुठूनतरी गळतंय. आणि मागचे शू नवीन आहेत तर हजार किलोमीटरनंतर ॲडजस्टमेंट परत एकदा करून घ्या, बसल्यावर थोडे सैल होतात, तेव्हा हॅन्डब्रेक वर ओढायला लागतो आणि मेकॅनिक केबल ताणून देतो, तसं करू देऊ नका, आधी ड्रममधून ॲडजस्ट करायला सांगा.

आकाशी_वॅगनआर:
सांगते त्यांना. हजार किलोमीटर पुढच्या आठवड्यात होतील. डायरीत लिहून ठेवलंय, बाबांच्या शेवटच्या ओळीच्या खाली.